पापनाशमच्या विहिरीतला मुनी

५ मे, रविवार
व्याख्यान झालं! विद्यापीठाच्या दर रविवारच्या ‘असं का?’ कार्यक्रमात आज प्रश्न होता – जुन्या विहिरीत उतरलेला माणूस वर का येत नाही? लोक म्हणतात, मुनीश्वर, म्हणजे गावाचा राखणदार देव, ओढतो. मी फळ्यावर विहीर काढली. पाला कुजतो, जड वायू तळाशी साचतो, प्राणवायू उरत नाही. दोन श्वासांत माणूस कोसळतो. उदाहरण घरचंच दिलं – शेषम्माआत्याचे यजमान, बाळकृष्णमामा, आमच्या गावी, पापनाशमला, परसातल्या वापरात नसलेल्या विहिरीत असेच गेले. टाळ्या पडल्या. मला आवडलं, खोटं कशाला लिहू.

आत्याला मीच हट्टाने पहिल्या रांगेत बसवलं होतं.

६ मे
आत्या बोलत नाही.

९ मे
आज रसम वाढताना म्हणाली, “मामांचं नाव कशाला काढलीस?”

मी म्हटलं, चौतीस वर्षं गाव म्हणतंय, मुनीचा अपमान केला म्हणून मेले. तो डाग मी पुसला.

“मुनीच असू दे गे अखिला. कुणाचं काय वाईट होत होतें त्यात?”

नवऱ्याला नेणाऱ्या मुनीला ही दरवर्षी पोंगलभाताचा नैवेद्य करून घालते! मी गावभर शास्त्र सांगत फिरते आणि घरी हे – दिव्याखाली अंधार. फार बोलले. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, तरी बोलले. वाईट वाटतंय.

१२ मे, रविवार
व्याख्यानानंतर एक बाई मागच्या रविवारच्या विहिरीचं विचारायला पुढे आल्या. “विहीर वापरात नव्हती म्हणता, मग तुमचे मामा उतरले कशाला?”

लोकांना ‘असं का’ विचारायला शिकवणारी मी, हे कधी विचारलंच नाही. घरी येऊन आत्याला विचारलं. कॉफी तशीच टाकून उठली.

१४ मे
पुन्हा विचारलं. “मुनी बोलावला, गेले.” एवढंच. पोलिसासारखी वागतेय मी. पण सोडवत नाही.

१९ मे
आत्याने सांगितलं. रागाने नाही, कढीलिंब निवडता निवडता.

“तुझं चांदीचं पैंजण. तू खेळता खेळता टाकलीस आत. रडणं थांबेना, म्हणून उतरले. तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून मुनीचं मीच गावाला सांगितलें.”

मी तेव्हा तीन वर्षांची.

पुढच्या रविवारी येत नाही म्हणून विद्यापीठात कळवलं.