सत्त्याण्णव मार्कांचा दवाखाना

३ मार्च, मंगळवार

सगळ्यात आधी आला तो लंबू! नऊचं सांगून साडेआठलाच दारात हजर. माझ्या हातात केरसुणी, डोक्यावर चपचपीत तेल. हा नातीचा साहेब. चौकटीखालून वाकून आत येतो, आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहतो बिचारा. मागून त्यांच्या ऑफिसातली एक बाई आली, तिला डोळ्यांनी दिसत नाही. मी तिचं नाव कानसेनबाई ठेवलंय. तिचा कॉम्प्युटर तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो — तेही इतकं भरभर, की मला वाटलं भांडण लागलं! तिच्यापासून काही लपत नाही. मी आत डब्याचं झाकण हळूच उघडलं, तर बाहेरून आवाज, "आजी, मला साखर कमी हं!"

ऑफिसात रंगकाम चाललंय, म्हणून यांचा मुक्काम आमच्या जेवणाच्या टेबलावर.

४ मार्च

आज चिमणीला, म्हणजे नातीला, धरूनच बसवलं. म्हटलं, दिवसभर टकटक करतेस ते काय, सांग तरी. तर म्हणे ती वेबसाइटींची परीक्षा घेते. म्हणजे तिचं यंत्र घेतं. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, त्यालाही ती वापरता येते का ते तपासायचं आणि शंभरपैकी मार्क द्यायचे. लोक ते मार्क मिरवतात.

आणि गंमत बघा! आपल्या चौकापलीकडच्या मोठ्या दवाखान्याला यंत्राने सत्त्याण्णव दिले. पण कानसेनबाईला तिथे डॉक्टरची वेळ काही घेता येईना. तिचा कॉम्प्युटर म्हणतो, "बटण." पुढे गेली — "बटण." आणखी पुढे — "बटण." कसलं बटण ते सांगेल तर शपथ! यंत्र एवढंच बघतं, की बटणाला काहीतरी नाव दिलंय ना, मग ते नुसतं 'बटण' का असेना? दिलंय. झालं!

मला हसू आवरेना. आमच्या शाळेत तपासनीस यायचे तेव्हा मास्तर ओरडायचे, पाट्या वर धरा! आम्ही धरायचो. कोणाची कोरी, कोणाच्या पाटीवर मास्तरांचंच चित्र. तपासनीस लांबूनच पाट्या मोजून खूश. मी तिसरी अशीच पास झाले.

६ मार्च

चिमणीने सहा महिने खपून यंत्राला नवे नियम शिकवलेत. नुसतं नाव चालणार नाही, अर्थ हवा. अक्षरं फिकट नकोत. आणि यंत्राने स्वतः पहिल्या पानापासून वेळ मिळेपर्यंत जाऊन दाखवायचं — मध्ये अडकलं की मार्क कापले!

दवाखान्याला नव्या नियमांनी किती? एकेचाळीस!

लंबू तीन ताड उडाला. "सत्त्याण्णवाचे एकेचाळीस? गिऱ्हाईक फोन आपटेल!"

"पण सर, एकेचाळीसच खरे आहेत."

"खरे असतील गं. सोमवारी बघू."

सोमवारी तो नाही म्हणाला, तर वर्षभर जुनेच नियम. सहा महिने पाण्यात. पोरगी जेवली नाही. मी दोनदा ताट झाकलं, दोनदा उघडलं.

९ मार्च, सोमवार

हे पान खरं तर फाडून टाकायला हवं. पण लिहिते!

लंबू चष्मा टेबलावर ठेवून तोंड धुवायला गेला. मी तो उचलला आणि डाळीच्या डब्यात घातला. तो आल्यावर तोंड एवढंसं करून म्हटलं, "साहेब, माझ्या गुडघ्यासाठी त्या दवाखान्यात वेळ घेऊन द्या ना."

"चष्मा कुठे गेला माझा?"

"सापडेल हो, घरातच असेल. सत्त्याण्णववाली वेबसाइट वाचायला चष्मा कशाला लागतोय!"

बसला. नाक पडद्याला टेकलं. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं, जणू दुधात तांदूळ सांडलेत. दोनदा कँटीनच्या पानावर जाऊन आला. तिसऱ्यांदा सफाई कामगाराचा अर्ज उघडला.

मी म्हटलं, "साहेब, गुडघा दुखतोय माझा. नोकरी नकोय."

कानसेनबाई टेबल बडवून हसली. "सर, तिसरं बटण दाबा. नाहीतर चौथं. मी चौथं दाबलं, तर मला बाळंतपणाला पाठवत होते!"

चिमणीने माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. "आजी! नोकरी जाईल माझी!" — दातांतल्या दातांत.

मी मुकाट्याने डबा आणला. लंबूने चष्म्यात अडकलेला डाळीचा एकेक दाणा टिपून काढला. पुसला. घातला. पडद्यावरचं पुन्हा एकदा वाचलं.

मग म्हणाला, "एकेचाळीस जरा जास्तच झाले."

नवे नियम लागू! दवाखान्याला तोच सांगणार.

१० मार्च

चिमणी आज तीनदा जेवली.

१८ मार्च

दवाखानेवाले आधी भडकले, मग चुकांची यादी मागितली. आता दुरुस्त्या चालल्यात. मी सहज विचारलं, "तुमच्या स्वतःच्या ऑफिसच्या वेबसाइटला किती?" तपासली. अडतीस! आपला तो बाब्या! लंबूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रंगकाम संपलं, टेबल रिकामं. जाताना दोघं म्हणाले, "दवाखान्याचा निकाल लागला की येतो, आजी. पुढच्या गुरुवारी, सकाळी दहाला. चष्मा दोरीने बांधून आणतो!"

२४ मार्च, मंगळवार

दवाखान्याला ब्याण्णव. चिमणी ऑफिसला गेल्यावर तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एकटी बसले आणि वेळ घेतली. गुडघ्याला काही झालेलं नाही. डावा डोळा हिवाळ्यापासून बंद पडलाय — कोणालाच सांगितलं नाही, चिमणीलासुद्धा नाही. सत्त्याण्णव होते तेव्हा लागोपाठ चार दिवस दुपारी बसून हरून उठले होते. आज मिळाली. गुरुवार, सकाळी दहा. पाहुणेही गुरुवारीच यायचेत, दहाला. आता कानसेनबाईपासून हे लपतंय कसलं!