वंशपट वरच्या घरी

हेइशी गाव, ता. रोंगचेंग
८ जानेवारी १९९५

चि. युएलान हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर वाकडं आलंय, म्हणजे घाईत लिहिलंस. इंजिनियर बाईला हे शोभत नाही. आज आठ धान्यांच्या खिरीचा दिवस. तुझ्या वाटणीची वाटी शेजारी दिली. देशेंगनं होडी डागडुजीला किनाऱ्यावर ओढली आहे. तुझा भाऊ नव्या रंगाकडे असा टक लावून बसतो की आयफेननं काल विचारलं, लग्न माझ्याशी झालं होतं की हिच्याशी?

आता मुद्द्याचं. सप्टेंबरात तुझ्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. मी कारण विचारलं नाही, विचारणारही नाही. तू उगीच काही करणाऱ्यातली नव्हेस. पण एकतीस तारखेच्या आपल्या नववर्षाचं ठरवायला हवं. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी भिंतीवर पूर्वजांच्या नावांचा वंशपट चढतो, पूर्वज घरी येतात. नव्या वर्षाच्या दुसऱ्या संध्याकाळी त्यांना निरोप दिला की पट उतरतो. तोवर लग्न करून दिलेल्या मुलीनं त्या पटासमोर यायचं नाही. आली तर भावाची बरकत जाते. तेव्हा नेहमीसारखी तिसऱ्या दिवशी ये. कोळंबी सुकवून ठेवली आहे.

कान झाकून हिंडत जा. माझा लोभ आहेच, तो पत्रातून वसूल करत जाऊ नकोस. आठवड्याला एक पुरे.

तुझी आई


जिनान
१३ जानेवारी १९९५

ती. आईस सा. न. वि. वि.

अक्षर सरळ काढलंय. पट्टी लावून बघ.

तिसऱ्या दिवशी मुलगी सासरहून येते, आई. मी कुठून येऊ? बारा वर्षं त्या शेवटच्या संध्याकाळी मी सासरच्या टेबलाभोवती फिरत राहिले, वाढत राहिले. आता ते टेबल नाही आणि तुझं चालत नाही. कारखान्याच्या वसाहतीतली घरं अठ्ठावीस तारखेपर्यंत रिकामी होतात. फाटकावरच्या पहारेकरी काकांनी काल विचारलं, बाई, तुमची गाडी कधीची? अजून ठरायचंय म्हटलं. खोटं नव्हतं.

रडतेय असं समजू नकोस. नवा पंप चाचणीत पहिल्याच फेरीत पास झाला, आराखडा माझा होता. खोलीच्या दाराला नववर्षाच्या शुभेच्छांच्या लाल पट्ट्याही मीच लिहून लावणार आहे. पण त्या संध्याकाळी मला तुझ्यासमोर बसून जेवायचंय. हे एकदाच लिहिते. पुन्हा मागणार नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव, रागाचं का होईना.

तुझी युएलान


हेइशी गाव
१७ जानेवारी १९९५

प्रिय वन्संना आयफेनचा सा. न. वि. वि.

आईंना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. हे म्हणतात, ताईला खुशाल येऊ दे, होडीचं मी बघतो. पण वन्सं, मला भीती वाटते, ती तुमच्यापासून लपवणं मला जमत नाही.

गेल्या वसंतात विहिरीपाशी राहणाऱ्यांची होडी परत आली नाही. दोघं गेले. मग लोकांनी शोधून काढलं की त्या घरची मुलगी शेवटच्या संध्याकाळी माहेरी जेवली होती. वारा असलं काही विचारत नाही, हे मलाही कळतं. मी आईंच्याच वर्गात शिकलेय. पण हे समुद्रावर असतात तेव्हा मी किनाऱ्यावर असते. वारा उठला की मला तेवढंच आठवत राहील आणि मग मी तुमच्याबद्दल वाईट विचार करीन. तसं व्हायला नकोय. तुम्ही माझ्या आजारपणात महिनाभर रजा काढून आला होतात.

हे पत्र वाचून मला टाकू नका, एवढंच मागते.

तुमची आयफेन


हेइशी गाव
२३ जानेवारी १९९५

चि. युएलान हिस अनेक आशीर्वाद.

आज चुलीच्या देवाच्या तोंडाला चिकट मिठाई फासून त्याला वर्षाचा हिशेब द्यायला वर स्वर्गात धाडलं. आमच्या घरची तक्रार करायला तोंड उघडेल तर शपथ.

आयफेननं तुला लिहिल्याचं कालच माझ्याजवळ कबूल केलं. मी तिला रागावले नाही. रीत मोडायची नाही हे मी पहिल्यापासून सांगत आलेय. मोडली तर ती पोर वर्षभर किनाऱ्यावर जीव मुठीत धरून उभी राहील. पण गणित चुकतं ते बहुधा प्रश्न नीट न वाचल्यामुळे. मुलीनं वंशपटासमोर बसू नये, इतकीच रीत आहे. आईच्या चुलीसमोर बसू नये असं मला कुठंही सापडलं नाही.

म्हणून यंदा पट आपल्या खालच्या घरात चढणार नाही. तो टेकडीवर देशेंगच्या नव्या घरी जाईल. देशेंग म्हणाला, आई, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, अर्धं गाव माझ्याकडे गणित शिकलंय, उत्तर पटेल त्यांना. आयफेनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लगेच घाबरली, कारण पूर्वजांपुढचे बोरांचे वाफवलेले पाव आता तिला करावे लागणार. दोन घाणे दगडासारखे झाले. तिसऱ्यांदा मळायला लावलंय.

मला जड गेलं नाही असं समजू नकोस. असले पट जाळत होते त्या वाईट वर्षांत तो पट मी गोधडीत शिवून त्यावर झोपत होते. तुझे बाबाही आता त्याच पटावर आहेत. सहा वर्षं त्यांची वाटी मी ठेवली. यंदा सून ठेवील. त्यांनी मला कधी अडवलं नव्हतं, आताही अडवणार नाहीत.

तीस तारखेला दुपारच्या आत पोच. मान वर करून गावातून चालत ये, मागच्या वाटेनं नको. तू घरी येतेयस, लपायला नाही.

वाट बघते, पण दारात उभी राहून नाही. कामं आहेत.

तुझी आई


जिनान
७ फेब्रुवारी १९९५

ती. आईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पहारेकरी काकांना सुकी कोळंबी दिली.

बारा वर्षांनी त्या संध्याकाळी माझ्या ताटात दुसऱ्या कुणी वाढलं. तू माझ्या उकडायच्या करंज्या उसवून पुन्हा मुरडायला लावल्यास, तेही चाळिशीला आलेल्या बाईला! पहिल्या सकाळी समोरच्या काकू शुभेच्छा द्यायला आल्या, तेव्हा मी चुलीपाशी होते. मला ऐकू गेलं नाही असं तुला वाटलं. त्यांनी विचारलं, काय हो बाई, मुलीची गाडी यंदा तीन दिवस लवकर आली वाटतं? तू म्हणालीस, लवकर नाही, बारा वर्षं उशिरा येत होती. पुढं त्यांनी नुसता चहा प्यायला.

एक गोष्ट तिथं बोलले नाही. दुसऱ्या संध्याकाळी पूर्वजांना निरोप देऊन झाल्यावर आयफेन माझ्याजवळ येऊन बसली. आईसमोर बसून ते जेवण जेवताना कसं वाटतं, असं तिनं विचारलं. तिची आई खाडीपलीकडे एकटीच असते, मुलगा नाही. अकरा वर्षं ती बाई त्या संध्याकाळी एकटी जेवते, आणि आयफेनला वरच्या घरातून तिचा दिवा दिसतो.

तुझ्या धाकात मी आहे म्हणूनच सरळ आहे. तो धाक तसाच राहू दे.

तुझी युएलान


हेइशी गाव
१४ फेब्रुवारी १९९५

चि. युएलान हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्याच सकाळी खाडी ओलांडून गेले. अकरा वर्षं ही सून माझ्या घरात आहे आणि मी तिला कधी विचारलं नाही. तीस वर्षं मुलांच्या पाट्या तपासल्या, हे तपासलं नाही.

पुढच्या नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी जेवायला या म्हटलं, तर विहीणबाई आधी ऐकेचनात. म्हणाल्या, मुलीच्या सासरी मी कशी जेवू? मी म्हटलं, तुम्हाला व्याह्यांच्या पटासमोर कोण बोलावतंय? माझ्या चुलीसमोर या. त्या म्हणाल्या, रिकाम्या हातानं येणार नाही, करंज्या मी करीन. त्या जाड लाटतात असं ऐकून आहे. बघू.

वेळही ठरवून टाकली आहे. वरच्या घरचं जेवण दुपारी चारला, खालचं सहाला. आयफेन पूर्वजांना वाढून खाली येईल. तोवर देशेंग पटापाशी बसून दिवा सांभाळेल; एवढं त्याला जमेल. तो हसला आणि म्हणाला, म्हणजे मी एकटाच राहिलो की! आयफेननं सांगितलं, होडीशी गप्पा मारा.

पट आता वरच्या घरीच राहील. आयफेनचे पाव चौथ्या घाण्याला असे फुलले की मला नावं ठेवायला जागा उरली नाही, आणि हे मी तिला सांगितलंसुद्धा.

आपलं टेबल लहान पडेल म्हणून सुताराला नवं सांगितलंय, आठ जणींचं. तो म्हणाला, बाई, तुम्ही तर चौघीच. मी म्हटलं, तू टेबल कर. खाडीच्या दोन्ही काठांना त्या संध्याकाळी कुणाकुणाचा दिवा एकटा असतो, ते बघायचं माझं अजून राहिलंय.

पुढच्या वर्षअखेरच्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेव. आणि हे पत्र जपून ठेव, मी माझं कौतुक एरवी लिहीत नाही.

तुझी आई