रखमाच्या जुव्याचं नाव

५ ऑक्टो. २००६, बाड हॉम्बुर्ग
निखिल खोताचा लेख आला. फ्रँकफर्टला पीएच.डी. करतो. महिनाभर दर रविवारी येऊन आमच्या बेटाची हकिकत माझ्याकडून उतरवून नेली. मी थालीपिठं वाढत सांगत गेले. आणि लिहिलं काय, तर 'खोत घराण्यातील पुण्यशील सून रखमाबाई यांच्या स्मरणार्थ बेटास रखमाचे जुवे हे नाव मिळाले.'
सून म्हणे. रखमा माझ्या आईची पणजी. विधवा झाली तेव्हा ह्याच्याच खोत घराण्याने तिला गावाबाहेर काढलं. तीन मुलींना घेऊन खाडीतल्या ओसाड बेटावर गेली, खारं पाणी अडवायला बांध घातला, शेत पिकवलं. म्हणून ते नाव; जुवे म्हणजे आमच्याकडे खाडीतलं बेट. त्याला दोनदा सांगितलं होतं. दोनदा.

६ ऑक्टो.
अभय म्हणतो, "आई, सोड ना. इथल्या मराठी मंडळात मानतात त्याला." पोटचा मुलगा, बाजू खोतांची.
शाळेत सिस्टर सांगायच्या, रोज एकाला तरी क्षमा करा. आज खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंना केली, रविवारी काचेच्या बाटल्या टाकून आवाज केला म्हणून ओरडल्या होत्या. निखिलची पाळी येणार नाही.

११ ऑक्टो.
लेख पुन्हा वाचला. पठ्ठ्या चुकीत सापडला. दरवर्षी बांध दुरुस्त करताना चिखलाची पहिली पाटी 'खोतांनी भरतीच्या मुहूर्तावर' टाकायची प्रथा, असं लिहिलंय. भरतीत टाकलेला चिखल खाडीत जातो, हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. पाटी ओहोटीला पडते, आणि रखमाच्या वंशातली मुलगी टाकते. नऊ वर्षांची असताना मी टाकली. कोपरापर्यंत गार चिखल. आई मागून, "दाब गो, नीट दाब."


१४ ऑक्टो.
निखिलचा फोन. "काकू, काही चुकलंय का? २८ला मंडळात वाचणार आहे. आई-बाबाही आलेत गावाहून."
"छान लिहिलंयस," म्हटलं. अगदी गोड आवाजात.

२१ ऑक्टो.
चकल्या तळताना प्रश्न पाठ केला. 'भरतीत टाकलेली पाटी मग कुठे सापडली, खोतसाहेब?' हसू आलं. मीराने विचारलं, "आजी, वारुम लाखस्ट डू?" का हसतेस, म्हणे. एकाला बुडवायचंय, म्हटलं. नात घाबरली.

२७ ऑक्टो.
निखिल पुन्हा. "काकू, गावी धक्क्यावर फलक लागतोय. बाबा हाच मजकूर देणार, सोमवारी रंगवायला जाईल."
फोन ठेवल्यावर लक्षात आलं. उद्या माझ्या प्रश्नावर लोक हसतील, तो भरती खोडून ओहोटी लिहील. फलकावर खोत तसेच राहतील. त्यांचं खोटं मीच बिनचूक करून देणार होते.
उलट फोन केला. उद्या मंडळात बोलायला पाच मिनिटं मागितली. "क्लार, काकू, अगदी नक्की, हवी तेवढी घ्या." कौतुक करीन असं वाटतंय त्याला. रखमाला गावाबाहेर काढल्याचं सगळं सांगायचं, नावानिशी.
मग सुमन फोनवर आली, त्याची आई. कॉन्व्हेंटमध्ये सात वर्षं एका बाकावर बसलो. ह्या घरात सून म्हणून गेली, तिचा काय दोष. म्हणाली, "तुझ्या शेजारचीच खुर्ची धरलीये मी. हात धरून बसू या, पूर्वीसारख्या."
निळी साडी इस्त्री करून ठेवलीये. तिचा हात सोडून उठल्यावर पाच मिनिटांत काय बोलायचं, ते अजून लिहिलेलं नाही.