दोन्ही हात वर

३ फेब्रुवारी, मंगळवार
मुलीने तिकिटं काढली. दोन. रॉक बँड, शहराबाहेरचं मोठं बंदिस्त स्टेडियम, महिनाअखेरचा शनिवार. अठराच्या आतल्यांसोबत घरचं मोठं माणूस हवं असा नियम आहे, आणि ती सोळाची. मला वाटलं, आईला नेईल. तर म्हणाली, बाबा, तू येशील?
मी लगेच हो म्हटलं. आवाज जरा चिरका निघाला. सकाळपासून घसा खराब आहे.
नोंद प्रामाणिक असावी म्हणून: सकाळी घसा ठीक होता.
जूनमध्ये ती शिकायला बाहेरगावी जाईल. गेल्या वर्षभरात वायफायचा पासवर्ड सोडून तिने मला काही विचारलेलं नाही. तेव्हा हे जमायलाच हवं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मी कानाच्या दवाखान्यात काम करतो. साउंडप्रूफ खोलीत पेशंट बसवायचा, हेडफोनमधून बारीक शिट्टी सोडायची, ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या पेशींचं काय होतं, हे मला ठाऊक आहे. त्या एकदा गेल्या की गेल्या. त्यामुळे मला जे वाटतंय ती भीती नव्हे, माहिती आहे.
दुपारच्या सुट्टीत त्या खोलीत बसून बँड ऐकायला घेतला. पहिलाच ड्रम वाजला आणि मी बटण दाबलं. मग दाबतच राहिलो. आमच्या डॉक्टर मॅडम काचेतून बघत होत्या. म्हणाल्या, कान उत्तम आहेत तुमचे, पण घाम का आलाय?
त्या खोलीत हवा खेळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
गर्दीचा सराव. मोठ्या दुकानात सेल होता, मुद्दाम गेलो. लिफ्टमध्ये शिरलो. मागून एक कुटुंब आलं, मग बाबागाडी, मग आणखी एक कुटुंब. मी पहिल्याच मजल्यावर उतरलो. कामच तिथे होतं.
पहिल्या मजल्यावर फक्त बायकांच्या चपला मिळतात. बायकोला एक जोड आणला. तिला तो होत नाही. ती म्हणाली, चपलांचं राहू दे, लिफ्टमध्ये काय झालं ते सांग.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
तिकिटामागचा बारीक मजकूर वाचला. एकदा बाहेर पडल्यास पुन्हा प्रवेश नाही. चांगला नियम. शिस्त आहे म्हणजे.
माझी आई जेवताना म्हणाली, अरे, तू लहानपणी फुगा फुटला की पलंगाखाली शिरायचास. तू कसला जातोस! मीच जाते नातीबरोबर. कानातलं मशीन काढून ठेवलं की माझं काम झालं.
नात म्हणाली, आजी चालेल की!
दोघी खूप हसल्या. मीही हसलो. सगळ्यांत शेवटी थांबलो तो मीच, हे बायकोच्या लक्षात आलं असावं.

१५ फेब्रुवारी, रविवार
आत बोलणं अशक्य असणार, म्हणून मुलीसोबत खुणा ठरवल्या. एक हात वर: तहान लागली. हात डोक्यावर: बाथरूमला जायचंय. दोन्ही हात वर: मला ताबडतोब बाहेर काढ.
ती म्हणाली, बाबा, अरे, तिथे सगळेच... मी तिला मध्येच थांबवलं. सुरक्षेच्या बाबतीत चर्चा नको. प्रत्येक खूण तिच्याकडून करून घेतली. दोन्ही हात वर करताना तिने डोळे फिरवले. ते खुणेत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
स्वतःसाठी कानात घालायचे प्लग केले. बाजारी नव्हेत. कानात मऊ लगदा भरून साचा घेतला, त्यावरून ओतले. उजव्याला लाल ठिपका, डाव्याला निळा, आमच्या पद्धतीप्रमाणे.
मॅडम म्हणाल्या, गाण्याला जाताय ना? मग फिल्टर बसवा. आवाज मऊ होतो, शेजारचं बोलणंही कळतं. मी हो म्हटलं. नंतर विचार केला, फिल्टर म्हणजे शेवटी भोकच. भोक असेल तर प्लग कशाला? भरीव ठेवले.
एक जोड मुलीसाठी करतो म्हटलं, फिल्टरवाला. साचा घेताना ती अगदी शांत बसली होती, लहानपणी केस कापायला बसायची तशी. मग म्हणाली, पण तुला नक्की यायचंय ना? मनापासून?
मी म्हटलं, म्हणजे काय!

२२ फेब्रुवारी, रविवार
बायको बाहेर गेलेली. रात्रीच्या जेवणाला कोणाला न सांगता प्लग लावून सराव. संपूर्ण शांतता. चमचे, फ्रीज, आईचं टीव्हीवर चिडणं, काही म्हणजे काही नाही. मुलगी माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी सांगत होती. चेहरा गंभीर. मी समजुतीने मान डोलावली. तिने पुन्हा काहीतरी विचारलं. मी पुन्हा डोलावली. ती उठून माझ्या खांद्याला टेकली आणि मग आत गेली.
असं तिने कित्येक महिन्यांत केलं नव्हतं.
प्लग उत्तम चालतात.

२५ फेब्रुवारी, बुधवार
अंगात कणकण. थर्मामीटर तीनदा लावला. ताप नाही. थर्मामीटर जुना आहे.
बायकोला म्हटलं, समजा मला त्या दिवशी बरं नसलं तर तू जाशील का? म्हणजे समजा. ती भांडी पुसत होती. म्हणाली, मी जाईन रे, मला काय! पण तिने तुला विचारलंय. आणि तोंड तूच दाखवायचंस तिला.
पाणी प्यायला उठलो तर मुलगी आजीला सांगत होती, बाबा येतो म्हणालाय ना, म्हणजे येईलच.
हे ऐकून पोटात जो गोळा आला तो आजवरचा सर्वांत मोठा.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
कालची नोंद तपासली. ‘गोळा’ हा शब्द अतिशयोक्त आहे. ‘जबाबदारीची जाणीव’ असं वाचावं.

२८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी
निश्चय: घाबरायचं नाही. तिचा हात सोडायचा नाही. तिच्यावरून नजर हलवायची नाही. माणूस तयारीचा असला की प्रसंग आपोआप लहान होतो.
बुटांचे बंद चुकीच्या बुटांत ओवले होते. पुन्हा ओवले.

१ मार्च, रविवार
घडलं ते क्रमाने लिहितो.
आत शिरताना मी पूर्ण शांत होतो. तिकिटाऐवजी दवाखान्याचं ओळखपत्र दाखवलं, इतकंच. आमच्या जागा वर, रांगेच्या कडेला, दाराजवळ. दिवे गेले, मी प्लग लावले, आणि थेट मत्स्यालयात गेल्यासारखं झालं. आवाज नाही. फक्त खुर्ची, बरगड्या आणि दात हादरत होते. खाली चार माणसं अंग झोकून काहीतरी करत होती. मी मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं, तिला आधार म्हणून. तिने ते दोनदा सोडवून घेतलं.
मग दिवे निळे झाले. आणि सगळ्या स्टेडियमने दोन्ही हात वर केले.
सगळ्यांनी. खालच्या रांगेपासून छतापर्यंत. हजारो माणसं, आणि प्रत्येकाला ताबडतोब बाहेर पडायचंय. मुलीकडे पाहिलं. तिचेही दोन्ही हात वर. तोंड उघडं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.
आयुष्यात इतक्या चपळाईने मी कधी वागलो नसेन. तिला कमरेला धरलं आणि दार गाठलं. ती हातपाय झाडत होती. घाबरलेली माणसं झाडतात. दारावरच्या माणसाने काहीतरी विचारलं, मी ओरडलो, आधी लहान मुलं! त्याने दचकून दार उघडलं. ते आमच्यामागे बंद झालं.
बाहेर पार्किंग, कचऱ्याचे डबे, एक मांजर. कोणीही पळत नव्हतं. मी प्लग काढले.
ती म्हणत होती, बाबा, माझं गाणं होतं ते. कधीपासून म्हणत होती कोण जाणे.
दार ठोठावलं, तर दारावरच्या माणसाने फटीतून तिकिटाच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं. मी म्हटलं, वाचलंय.
मग तिने सांगितलं. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा त्या प्लगच्या सरावाच्या रविवारी जेवताना सांगितलं होतं: जिवलग मैत्रीण शाळा सोडून गेली तेव्हापासून वर्षभर मी हेच गाणं ऐकत झोपायचे. ते लागलं की मी रडणार आहे, तू घाबरू नकोस. आणि त्या खुणा विसर, तिथे सगळेच हात वर करतात. मला आईसमोर रडायचं नाही, ती प्रश्न विचारते. म्हणून तुला नेतेय. चालेल ना?
म्हणाली, आणि तू मान डोलावलीस. दोनदा.
तिने भिंतीला कान लावला. मीही लावला. आतून नुसतं धम्, धम्. मी सांगितलं की भिंत खालचे सूर सोडते आणि वरचे अडवते, त्यामुळे शब्द येत नाहीत. ती म्हणाली, बाबा, प्लीज. मग त्या धम् धम् वर तीच शब्द म्हणू लागली, हळू, भिंतीकडे तोंड करून. मी पूर्ण गाणं ऐकलं. मला इतकी भीती आत असताना वाटली नव्हती.
घरी येताना ती मागच्या सीटवर बसली.
आज सकाळी चहाला ती समोर येऊन बसली. मी मनापासून बोललो. माफी मागितली. खुणा, प्लग, फुगे, लिफ्ट, सगळं सांगितलं. जूनच्या आत म्हणशील तिथे येईन, उघड्या कानांनी येईन, म्हटलं. घाबरतो हेही पहिल्यांदाच बोललो. बराच वेळ लागला. ती शांतपणे मान डोलावत होती. मला किती हलकं वाटलं!
मग तिने केस मागे घेतले, तेव्हा उजव्या कानात लाल ठिपका दिसला. डाव्यात निळा. तिचे नव्हेत. भरीव.
मी म्हटलं, ते माझ्या कानांच्या मापाचे आहेत, तुला नीट बसणार नाहीत.
तिने मान डोलावली.