तोंड डोंगराकडे

३ सप्टेंबर २०१४

तोंड डोंगराकडे!

दुपारी कुरणात सुरुंग सापडला. तिसऱ्या पट्ट्यात, मातीत वीतभर खाली. प्लास्टिकचा बाकदार डबा, दोन लोखंडी पायांवर उभा. फुगीर बाजू जिकडे असते तिकडच्या माणसाच्या अंगात शेकडो छर्रे शिरतात. डब्याच्या मागे उभा राहणारा वाचतो. लावणाऱ्याला एवढंच माहीत असावं लागतं – माणूस कुठून येणार.

यादवी युद्धात शत्रू खाली दरीत होता. कमांदिर नुस्रतचे खंदक वर, खिंडीत. आणि फुगीर बाजू वर बघते आहे.

होकायंत्र दोनदा लावलं. फ्यूज काढला, डबा उचलला. तुकडीतल्या मुलींना काही बोलले नाही.

४ सप्टेंबर

वाऱ्यामुळे काम बंद. डोकं मात्र चालू.

गावात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी. शहाण्णवच्या शरद ऋतूत नुस्रतची आठ माणसं पाणी आणायला या कुरणात उतरली. दरीतून मॉर्टारचा मारा झाला. आठही जागच्या जागी गेली. मशिदीजवळच्या दगडावर त्यांची नावं आहेत. शांतता करारानंतर नुस्रतला कस्टममध्ये खुर्ची मिळाली, आता त्याची गिरणी आहे, पेट्रोलपंप आहे. त्या आठ घरांतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक आजारपण तो बघतो. दर वर्षी त्यांच्या नावाने पुलाव घालतो. लोक त्याच्या चपानची – लांब अंगरख्याची – बाही डोळ्यांना लावतात.

आठांतला एक इल्होम. त्याची बायको सबोहत माझ्या सुरुंग काढणाऱ्या तुकडीत आहे. आम्हा सात जणींत सर्वांत जुनी, सर्वांत सावध. नवरा गेला तेव्हा पोटुशी होती. त्या मुलीचं – पर्वोनाचं – नुस्रतच्या धाकट्या मुलाशी ठरलंय. साखरपुड्याची रोटी मोडून झाली. लग्न या महिन्यात.

कुरणात दोन खड्डेही आहेत, सुरुंगाच्या शेजारीच. जुने, गवत उगवलेले. इथे काहीतरी फुटलं होतं. मॉर्टार असेल. नसेलही.

खिंडीतून गावात उतरायची वाट हीच. दुसरी नाही.

५ सप्टेंबर

ते आठ जण पाणी आणायला उतरले नव्हते. ते घरी पळत होते. नुस्रतने घरची वाट बंद करून ठेवली होती.

६ सप्टेंबर

नुस्रतकडे चहा. तुतीच्या झाडाखाली बैठक, भोवती पाच-सहा दाढीवाले. मी गेले तसा म्हणाला, "या इंजिनियर! माझं कुरण कधी देतेस?"

"तुमचं म्हणजे गावाचं ना, बोबो?"

"एकच ते." सगळे हसले.

विचारलं, तिथले सुरुंग कोणी पेरले?

"त्याला माझ्याकडे माणूस होता. मला अजून घड्याळाचा सेल बदलता येत नाही. बायको बदलून देते." पुन्हा हसले. त्यांना हसावंच लागतं.

"आणि ते आठ जण?"

"मॉर्टार. किती वेळा सांगू, पोरी? विचार ना यांना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तो बसलेला असताना या गावात मान दुसऱ्या दिशेने हलत नाही.

मी म्हटलं, एक सापडलाय. तोंड वर आहे.

प्याला तोंडाशी नेता नेता थांबला. "वर म्हणजे?"

"तुमच्या खंदकांकडे."

दाढी कुरवाळत बसला.  मग माझ्याकडे न बघता – "नक्की?"

"मी मोजलंय."

"चहा घे. गार होतोय."

घाबरला! शंकाच नाही.

८ सप्टेंबर

सबोहत आपा आज सगळ्यांसाठी कुरुतोब – दह्यात भिजवलेली रोटी – घेऊन आली. घामाने थबथबलेलं जाकीट काढलं, हात धुतले, आणि थाळी मधे ठेवून म्हणाली, "खा, मुलींनो. व्याही श्रीमंत आहे, आता दही पातळ करायची गरज नाही."

लतिफा म्हणाली, "आपा, मग उद्यापासून मातीत टोचणी खुपसणं सोडणार तर! कमांदिरची विहीण गुडघ्यांवर रांगणार का?"

"रांगेन. तुझ्यापेक्षा सरळ रांगते." मग माझ्याकडे वळून, "सनोबर जान, तू पण कर बाई कुणाशी तरी. डिटेक्टर किती दिवस कुशीत घेशील? तो फक्त लोखंडावर ओरडतो."

खूप हसल्या. मीही हसले असेन.

जाताना मला बाजूला घेऊन पर्वोनासाठी आणलेलं रेशीम दाखवलं. म्हणाली, "बाप असता तर त्याने पण इथेच दिली असती. नुस्रतबोबोंसाठी तो जीव टाकायचा." मग लगेच, "टाकलाच की."

९ सप्टेंबर

दुशान्बेला मुख्य कचेरीत फोन केला. साहेब म्हणाले, सुरुंगांची पूर्ण पट्टी निघेपर्यंत कोणाला काही सांगू नकोस. एका सुरुंगावरून काय बोलायचं? आणि आपलं काम जमीन साफ करायचं आहे, सनोबर, इतिहास नव्हे.

पूर्ण पट्टी निघायला महिना लागेल. लग्न वीस तारखेला आहे.

१० सप्टेंबर

सांगितलं.

अवजारांच्या तंबूत, दोघीच. डबा कसा होता, कुठे होता, होकायंत्राने काय दाखवलं. त्याचा अर्थ काय होतो.  ती डिटेक्टरची वायर गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली की सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

मग म्हणाली, "मला का सांगितलंस?"

मी म्हटलं, मोजलेलं लपवायचं नसतं.

माझे वडील त्र्याण्णवमध्ये भाकरी आणायला गेले ते परत आले नाहीत. त्यांचं काय झालं ते ज्यांना माहीत असेल त्यांच्यातल्या कोणीही कधी आमचं दार वाजवलं नाही. पण त्यासाठी सांगितलं, असं नाही. मोजलेलं लपवायचं नसतं.

११ सप्टेंबर

सबोहत कामावर आली. रोजच्यासारखी. तिचा पट्टा आज सगळ्यांत सरळ.

१२ सप्टेंबर

 क्रमाने लिहिते.

नुस्रतच्या घरी लग्नाआधीचा बायकांचा पुलाव. आठही घरच्या बायका. मलाही बोलावणं. अंगणात जेवणाचं दस्तरख्वान अंथरलेलं, पर्वोना मधे मान खाली घालून.

सबोहत सर्वांत शेवटी आली. बसली नाही. ओढणीखालून साखरपुड्याची अर्धी रोटी काढली – जपून ठेवलेली, दगडासारखी झालेली – आणि नुस्रतच्या बायकोच्या पुढ्यात टाकली.

"ही घ्या. ज्याने माझ्या नवऱ्याला मारलं त्याच्या घरची रोटी माझ्या घरात नको."

कोणाला काही कळेना. तिने सगळं सांगितलं. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. सुरुंगाचं तोंड कुठे, खंदक कुठे, घरची वाट कुठे. "पळणाऱ्यांना मारायला पेरले! आपल्याच पोरांना! आणि अठरा वर्षं आपल्याला पुलाव चारतोय!"

एका बाईने घास ताटात परत टाकला. मग दुसरीने. गुलसुम म्हातारी – तिचा एकुलता एक त्या दगडावर आहे – उठली आणि नुस्रतच्या दाराकडे तोंड करून ओरडली, "बाहेर ये, कुत्र्या!"

या गावात त्याला असं कोणी म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं. मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

तो बाहेर आला. डोक्याला टोपी नाही. म्हातारा दिसला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग सगळं सोडून माझ्याकडे आला.

"इंजिनियर. यांच्यासमोर सांग. तोंड कुठे होतं?"

"डोंगराकडे."

"नक्की?"

"नक्की."

तो बायकांकडे वळला. आवाज अगदी हळू. "ऐकलंत? आता माझं ऐका. सुरुंग पेरायला मी माणूस ठेवला होता. कोण होता तो? सबोहत, तूच सांग."

सबोहतने पर्वोनाकडे पाहिलं.

"इल्होम! एक न् एक त्याने पेरला. मी सांगितलं होतं, तोंड दरीकडे. त्याने उलटे लावले. चुकला म्हणा, विकला गेला म्हणा, अल्लाला माहीत. तुमची सात पोरं त्याने मारली आणि आठवा स्वतः मेला. मी हे पोटात ठेवलं. का? तुम्ही या बाईला दगडांनी ठेचलं असतं म्हणून. हिच्या पोटात पोर होतं म्हणून. आज त्याच पोरीला मी सून करून घेत होतो. आणि ही माझ्या दारात रोटी फेकते!"

रडत होता. खोटं नव्हतं ते रडणं.

गुलसुम म्हातारीने त्याची बाही धरली आणि डोळ्यांना लावली. मग सबोहतकडे गेली. मला वाटलं मारणार. थुंकली फक्त. "माझ्या पोराच्या शेजारी पुरलाय त्याला. मी रडले त्याच्यासाठी. माझे अश्रू परत दे."

१३ सप्टेंबर

दगडावर आता सात नावं आहेत. आठवं छिन्नीने उडवलं. काम वाईट केलंय, "इल्" अजून वाचता येतं.

१५ सप्टेंबर

नुस्रतच्या घरून पर्वोनाचे कपडे आले – दाराबाहेर ठेवले, गाढवावरून उतरवलेल्या पोत्यासारखे. तिच्या खिडकीवर शेण. पर्वोना आईशी बोलत नाही. माझ्याशी बोलली. "तुम्ही दहा दिवस थांबला असता तर माझं लग्न झालं असतं."

लतिफाने सबोहतबरोबर जेवायला नकार दिला. तिचा मामा त्या सातांत होता.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, मी काय सांगितलं होतं तुला? बस्स, एवढंच.

१६ सप्टेंबर

सबोहत तंबूत आली. उभ्याने बोलली.

"इल्होम उलटा लावणारा नव्हता. वासराला बांधलेली गाठसुद्धा दोनदा बघायचा."

मी पट्ट्यांचा नकाशा उघडला.

"तू किती मोजलेस?"

"एक."

"एकच?"

"बाकीचे अजून निघाले नाहीत."

माझ्याकडे बघत राहिली. मग हसली! "एका शितावरून भात शिजला म्हणणारी तू, सनोबर जान. स्वयंपाक येत नाही तेच बरं."

म्हटलं, आपा, घाई करू नका. पुढचे पट्टे क्रमानेच निघतील. पुढच्या आठवड्यात दुसरा मिळेल.

"पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "हो."

१७ सप्टेंबर

उजाडायच्या आधी स्फोट. कुरणाकडून.

१८ सप्टेंबर

अहवालासाठी जे लिहिलं तेच इथे.

एकटीच वर गेली. जाकीट होतं, चेहऱ्यावरची काच होती, पण काच वर केलेली. अजून अंधार होता, काचेतून दिसलं नसेल. पट्टा नियमाप्रमाणे आखलेला. मोठा सुरुंग बाजूने खणून अर्धा उघडला होता, शिकवतात तसा. त्याच्या पायाशी राखणीला एक लहान सुरुंग पुरलेला होता, पाऊल पडलं की फुटणारा. उजव्या हाताने त्याच्यावर भार दिला.

हात कोपरापासून गेला. दोन्ही डोळे. आम्ही खाली उतरवताना शुद्धीवर होती. एकसारखं काहीतरी विचारत होती, मला धावपळीत वाटलं पाणी मागते आहे.

गुलसुम म्हातारी वाटेत उभी होती. म्हणाली, "नवऱ्याने पेरलेलं बायकोने कापलं."

गाडी दुशान्बेला गेली. पर्वोना सोबत गेली.

१९ सप्टेंबर

कुरण तपासणीसाठी बंद. तिचा पट्टा मी स्वतः मागितला. साहेब हो म्हणाले.

२१ सप्टेंबर

तिने अर्धा उघडलेला मी पूर्ण उघडला. तोंड दरीकडे. पुढचा – दरीकडे. त्याच्या पुढचा – दरीकडे. सारख्या अंतरावर, एका ओळीत, नेमके. उलटा एकही नाही.

मग माझ्या पहिल्या सुरुंगाची जागा पुन्हा खणली, आणखी खोल. खाली जुनं गवत. गवताखाली झुडूप, मुळं वर. वरच्या अंगाचा अख्खा मातीचा तुकडा कधीतरी बर्फाबरोबर घसरला होता, येता येता वळला होता, आणि तो सुरुंग त्यात उभाच्या उभा फिरला होता. शेजारच्या दोन जुन्या खड्ड्यांत मॉर्टारच्या गोळ्यांची शेपटं.

नुस्रतने पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं. नंतरचं सगळं – "पोटात ठेवलं" सकट – त्याने माझ्या मोजमापावर विश्वास ठेवून सांगितलं.

संध्याकाळी पर्वोनाचा फोन. "आई विचारतेय, तोंड कुठे होतं."

सांगितलं. सगळं सांगितलं.

पलीकडे कुजबुज. मग पर्वोना म्हणाली, "आई म्हणते, गावाला तूच सांग. तुझं ते ऐकतात."