आईचं आजारपण

पोरबंदर

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, मी ठणठणीत आहे. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि अर्धी गल्ली ऐकत बसते. तुमचं आपलं एकच पालुपद, घरी ये. आपला धाकटा प्रशिक सांगत होता, हल्ली तुम्ही ताट घेऊन टीव्हीसमोर बसता आणि लढाईच्या बातम्यांत पोरबंदरचं नाव आलं की घास हातातच राहतो. म्हणून इथलं खरंखुरं कळवते.

समुद्रावरच्या सगळ्या होड्या परत बोलावल्यात. बंदरात त्या इतक्या दाटीनं उभ्या आहेत की एकीवरून दुसरीवर पाय ठेवत पलीकडे जाता येईल. कामाविना बसलेले खलाशी सकाळपासून आमच्या रक्तपेढीत रांग लावतात. परवाच दिलंय, आता तीन महिने नको म्हटलं, तर भांडायला उठतात! संध्याकाळी आठला भोंगा वाजतो आणि सगळे दिवे बंद. माझ्या घरमालकीण कंचनबेन भारी हुशार. खिडक्यांना काळा कागद लावलाच, वर इन्व्हर्टरच्या लाल ठिपक्यावर स्वतःची टिकली चिकटवली. उकाड्यानं मात्र जीव जातो.

दिवे बंद ठेवतात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही किती चिडला होतात! सगळी नोकरी कोराडीत वीज तयार करण्यात गेली तुमची. "सारं गाव अंधारात ठेवून राहिले? काहून?" म्हणत राहिलात. मला हसू येत होतं. मग तुमचा आवाज चिरकला आणि कळलं, ही चीड विजेसाठी नाही.

आमच्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्यात, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी मंगळवारी दुपारी आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली. म्हणाले, नागपूरहून तुझ्या वडिलांचा फोन होता, आई अत्यवस्थ आहे, आजच्या गाडीनं निघ, तुझी ड्यूटी मी बघतो. साहेबांच्या बायकोचे बाळंतपणाचे दिवस भरलेत, ती राजकोटला आहे आणि ते स्वतः अजून गेलेले नाहीत. मी खोलीवर आले, बॅग भरली. कंचनबेननी थेपले बांधून दिले. निघता निघता घरी फोन लावला, तर आईनंच उचलला. गच्चीवर होती. मी भीत भीत तब्येत विचारली, तर म्हणते, "मी कुरड्या घालून राहिली, मले काय धाड भरली?"

तिला तुमच्या त्या फोनचं कळू दिलं नाही. साहेबांना सांगितलं, आई सावरली. म्हणजे खोटं बोलण्यात मीही तुमचीच लेक निघाले. तासाभरात कामावर हजर झाले. दोन दिवस तुमच्यावर भयंकर रागावले होते, आता नाही. आयुष्यात कधी रजेचा खोटा अर्ज न केलेल्या माणसानं आपल्या नागपुरी हिंदीत एका परक्याला बायको शेवटच्या घटका मोजतेय म्हणून सांगायचं, म्हणजे तुम्ही किती घाबरला असाल!

पण रागावण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. एक गोष्ट सांगायची आहे, ती आईला कधी कळू देऊ नका. साहेब तिच्याबद्दल सांगत होते तेव्हा मला आधी रडू आलं नाही. सुटले, असं वाटलं. इथून निघायला कारण मिळालं, तेही कुणी बोट ठेवू शकणार नाही असं. आणि आई धडधाकट आहे हे कळलं तेव्हा, बाबा, क्षणभर माझा चेहरा पडला. त्याची लाज अजून जात नाही. मी शूर आहे म्हणून इथं थांबलेले नाही. रोज भोंगा झाला की पळून जावंसं वाटतं, तरी पिशव्यांवर रक्तगट लिहीत राहते, एवढंच. म्हणून हात जोडून सांगते, पुन्हा असं खोटं बोलू नका. पुढच्या वेळी मी घरी फोन करून खात्री करणार नाही. सरळ गाडीत बसेन.

तुमचीच,
माया