बोर्डापुढची भाकरी

समडोळी, बुधवार

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (इथूनच, वाकलं की कंबर धरते), आणि दाजींना जय जिनेंद्र. तुझ्या गुडघ्यांना साताऱ्याची थंडी बाधली नसेल आणि दाजींची शुगर दुकानातल्या गुळाच्या ढेपेपासून लांब असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक. म्हणजे माणसं दोनच, त्यातला मी दमलोय आणि त्रिशला बोलत नाही, बाकी ठीक. अक्षर डाव्या हाताचं आहे, कुठं मुंगी मेलेली दिसली तर ती वेलांटी समजून वाच.

त्रिशला दिवाळीपासून बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते, हे तुला फोनवर सांगितलंच. तिथनं यायला तिला दिवस कलतो, आणि आपल्या घरात दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही. (थंडीत सूर्यालाच जरा थांबायला सांगावं, असं मी एकदा सुचवलं. तिनं नुसतं बघितलं.) म्हणजे ती दारात येईतोवर ताट तयार पाहिजे, आणि घरात रिकामा मीच. उजवा हात गाडीवरनं पडल्यापासून खांद्याला नुसता टांगलेला, तेव्हा डाव्यानं शिकलो. परातीखाली ओलं फडकं घातलं की ती पळत नाही. भाकरी कापडावर थापायची आणि तव्यात उपडी करायची. पहिल्या पंधरवड्यात गल्लीतल्या कुत्र्यांनी बाळसं धरलं. आता चार भाकऱ्या होतात, पण जेवण उरकून बसलो की पार उन्हं उतरेपर्यंत. चौथी होईस्तोवर पहिली वातड झालेली असते. त्रिशला गप खाते. एकदा "जमली हं" असंसुद्धा म्हणाली होती, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता दाखल्याचं ऐक. माझ्या अपंगत्वाच्या दाखल्याची मुदत संपली म्हणून सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डापुढं फेरतपासणीला बोलावणं आलं. टक्के कमी पडले की पेन्शन बंद, हे तुला ठाऊक आहे. शेजारचा दादासो (गाडी त्याची, बोलणंही त्याचंच) मला घेऊन गेला. आपण कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाही. माझा एक हात कायमचाच रिकामा, म्हणून दुसऱ्यात डबा घेतला. त्यात माझ्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. डॉक्टरांना जेवायला उशीर झालेला. त्यांनी तुकडा मोडला, वा म्हणाले, आणि कुणी केली म्हणून विचारलं. मी लाजलो, तेवढ्यात दादासो पुढं सरकला. "आवं सायेब, ह्यांनीच की! एका हातानं लय भारी भाकरी करत्यात आमचं मदनअण्णा!" तिथं मी गप बसायचं, तर फुगलो. भाजी, झाडलोट, भांडी, सगळं मीच करतो म्हणून सांगून बसलो. (भांडी त्रिशलाच घासते.) डॉक्टर भला माणूस, पण चावता चावता लिहीत होता. म्हणाला, घरकाम जमतंय म्हणजे सुधारणा चांगली आहे. दाखला अजून हातात नाही. सोमवारी परत बोलावलंय, घरातलं कोण काय करतं ते सांगणारं जवळचं माणूस घेऊन. (शर्टाची बटणं कोण लावतं, हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सकाळी त्रिशला लावते, गाडी पकडायच्या घाईत, बहुतेक एक चुकवून. परक्यापुढं सगळंच काय उघडं करायचं.)

घरी हे ऐकून त्रिशला एवढंच म्हणाली, "मग शेड सोडते. मी चुलीपुढं बसलं की तुमी परत अपंग." त्यानंतर घरात भांडीच काय ती बोलतात. कंटाळलो गं अक्का. काम केलं तर बरा झालास म्हणतात, नाही केलं तर बायकोच्या जिवावर खातोस म्हणतात. बसावं तरी कसं, ते कुणी सांगत नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मदन

ता.क. सोमवारी जवळचं माणूस म्हणून तू ये. मी इकडची काडी तिकडं करत नाही, एवढंच डॉक्टरांना सांग. हे तू लहानपणापासून सगळ्या गावाला सांगत आलीस, तेव्हा खोटं बोलल्याचं पाप लागायचं नाही.

ता.क. दुसरा. नाहीतर तू येऊच नको. शेड सोडू नको, एवढं त्रिशलाला फोनवर सांग, ती तुझंच ऐकते. शेडवरनं आली की ती बायकांच्या नकला करून दाखवते, हसते. इतक्या वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. पेन्शन गेली तर जाऊ दे. (चालायचं नाही, पण चालवू.) मी सांगितलं असं मात्र बोलू नको.

ता.क. तिसरा. अक्का, मी त्रिशला. ह्यांना एका हातानं पाकीट नीट चिकटवता येत नाही, म्हणून पत्र माझ्याकडे आलं. उघडं पाकीट हातात दिलं तर माणूस वाचणारच. शेड मी सोडत नाही, रागात बोलले होते. सोमवारची रजा काढली आहे, जवळचं माणूस मीच आहे. डॉक्टरांसमोर ह्यांच्या शर्टाची सगळी बटणं मी सोडणार आहे, आणि म्हणणार आहे, आता ह्यांना लावायला सांगा, तोवर आम्ही बसतो. तुम्ही काही बोलू नका, पण या. ह्यांची मान खाली जाईल, तेव्हा बाजूला बहीण असावी.